रामबाईचं न पोतलेलं घर

हिंगणी,
२३ सप्टेंबर १९५६

घना,

आशीर्वाद पहिल्याच ओळीत देऊन टाकते, म्हणजे पुढं रागवायला मी मोकळी. आषाढात पत्र टाकलं त्याला अजून उत्तर नाही. दिल्लीत शाई मिळत नाही का?

बातम्या दोन आहेत. आपली शालू दसऱ्याच्या आधी बाळंतपणाला माहेरी येते आहे. मागच्या वर्षी तळेगावला सासरी काय झालं ते तुला ठाऊक आहे. सातव्या महिन्यात हिवताप आला. अंगावर चार गोधड्या टाकल्या तरी तिची खाट हलत होती. पोटातलं गेलं, आणि शालू कशीबशी राहिली. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की पुन्हा पोटुशी असताना ताप आला तर तिचंही सांगता येणार नाही. या खेपेस तिच्या सासूनंच निरोप पाठवला, "तुमच्या गावात मच्छरचं औषध मारून राह्यले म्हणते, पोरीले तिकडंच ठेवा." पौष सरता सरता दिवस भरतील.

दुसरी बातमी त्या औषधाचीच. खाकी कपड्यांतले पाच जण पाठीवर पंप घेऊन आले. घरातली भांडी, देव, पाळणा सगळं अंगणात काढायला लावलं आणि आतून सगळ्या भिंतींवर पांढरं पाणी मारलं. वाळल्यावर भिंतींवर खडूसारखे ओघळ दिसतात. वास असा, की तुझे भाऊजी दोन रात्री वांग्याच्या वाफ्याशेजारी झोपले. पण घना, खाटेतले ढेकूण मेले! गावानं मच्छरांकडे पाहिलंच नाही, सगळे ढेकणांवरच खूश.

नाल्यापलीकडच्या रामबाईनं मात्र त्यांना दारातच अडवलं. "काऊन गा, माह्या देवाच्या भिंतीवर काय मारून राह्यला? मच्छर मरते, मंग आम्ही नाई मरू काय?" तिचा मुलगा जंगू जंगलात कूपाच्या लाकूडतोडीवर गेलेला, घरात समजवायला कुणी नाही. शेवटी मी गेले. मी म्हटलं, रामबाई, हे औषध आपल्या घनाच्या हापिसातून येते. तेव्हा कुठं बाजूला झाली. म्हणाली, "घन्यानं धाडलं असन त मारा. पण त्याले सांगजो, लहानपणी माह्या टोपलीतले टेंभरं चोरले, ते अजून बाकी हायेत."

आई गेली आणि आपलं घर आम्ही दोघांनी सांभाळायला घेतलं, तेव्हा तू आलास तो शेवटचा. या दिवाळीला येतोस का ते एका ओळीत कळव. दुसरी ओळ लिहू नकोस, तू दुसऱ्या ओळीत नेहमी नाही म्हणतोस.

तुझी ताई

---

नवी दिल्ली,
५ ऑक्टोबर १९५६

ताई,

पाया पडतो. येतो. बघ, एका ओळीत लिहिलं. भाऊबीजेला तुझ्या हातचं खायला घरी असेन. रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे आणि साहेब चक्क हसले.

तुझं पत्र मी शाखेतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. ज्या औषधाच्या पुडीचे कागद मी दोन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर ढकलतोय, ती आपल्या भिंतीवर जाऊन बसली हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! तुला गंमत सांगतो. पूड बनते सातासमुद्रापलीकडे. ती देतो एक देश, तिचे पंप दुसरा, जहाज तिसऱ्याचं, आणि सुवेझच्या कालव्यातून ती मुंबईला उतरते. इथं दिल्लीतही कारखाना निघालाय, पण एवढ्या मोठ्या मुलखाला तो कुठून पुरणार? मुंबईहून रेल्वेनं नागपूर, नागपूरहून वर्धा, वर्ध्याहून बैलगाडीनं हिंगणी. यातला एक जण रुसला तरी सगळं अडतं. पुढच्या महिन्यात शेजारच्या सात-आठ देशांची माणसं याच गोष्टीवर बोलायला इथं जमणार आहेत. नवं औषध कुणी बनवायचं, कुणाला आधी द्यायचं, वाट अडली तर कुणी कुणाला उसनं द्यायचं. मी त्या बैठकीची टिपणं लिहिणार. बोलायची मुभा मला नाही, पण खुर्ची भिंतीजवळ आहे.

ताई, हल्ली गाव फार आठवतं. इथल्या भिंती चुन्याच्या, कोरड्या. मला आपल्या घराची दिवाळी आठवते. आई नाल्याच्या काठची पांढरी माती आणायची, शेण आणि गव्हाचं बारीक कुटार घालून पायानं तुडवायची, आणि पदर खोचून सगळ्या भिंती पोतायची. तिच्या बोटांचे अर्धगोल भिंतीभर एकावर एक चढत जायचे. मी ओल्या भिंतीला पाठ लावून बसायचो आणि सदऱ्यावर पांढरा नकाशा उठायचा. मग ती मारायला धावायची, पण हात मातीचे म्हणून मारायची नाही. तो वास मला या नऊ वर्षांत कुठंही आला नाही. तू लिहितेस की भिंतींवर खडूचे ओघळ आहेत. ताई, मी येतोय तर आईसारख्या भिंती पोतून ठेव. एवढी एकच मागणी. मला घर तसंच बघायचंय.

रामबाईला सांग, टेंभरं मी एकट्यानं चोरली नव्हती. अर्धी जंगूनं खाल्ली, स्वतःच्याच आईची.

तुझा घना

---

हिंगणी,
८ नोव्हेंबर १९५६

घना,

तुझी तार भाऊबीजेच्या सकाळी पोचली. रजा रद्द. शालूनं तुझ्यासाठी पाट मांडला होता, तो उचलताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून सांगते. भाऊजी म्हणाले, "सरकारचं काम असन, त्यायले काऊन दोष देतं?" आणि तुझ्या वाटणीच्या करंज्या त्यांनी खाल्ल्या.

तू आला नाहीस, पण घर तुझ्या मनासारखं झालं होतं रे. शालूला वाकू दिलं नाही. मी आणि शेजारची बायजा, दोघींनी मिळून सगळ्या भिंती आतून-बाहेरून पोतल्या. आईचे अर्धगोल मला जमतात, हे मलाच ठाऊक नव्हतं. आमचं बघून आख्ख्या आळीनं पोतलं. ते कळकट ओघळ कुणालाच आवडत नव्हते. आता गाव असं पांढरंशुभ्र दिसतं की तुला आवडलं असतं.

फक्त रामबाईचं घर पोतायचं राहिलं. घना, जंगू गेला. कोजागिरीच्या आसपास कूपावर त्याला ताप चढला, डोक्यात गेला. तिथं उघड्या मांडवात झोपायचे. सोबत्यांनी बाजेवर घालून आणला तेव्हा जीव होता, पण बोलत नव्हता. तुझ्याच वयाचा. रामबाईकडे सुतक, म्हणून दिवाळी नाही, दिवा नाही, माती नाही. मी रोज जाते. ती रडत नाही. लाकडं फोडत बसते आणि मलाच रागावते, "चाल, घरी जाय, पोर एकटी हाये." तिच्या त्या न रडण्याची मला भीती वाटते.

शालू छान आहे. तोंडावर तेज आहे. तुझी आठवण काढते.

तुझी ताई

---

नवी दिल्ली,
१९ नोव्हेंबर १९५६

ताई,

जंगूचं वाचून कागद हातात तसाच राहिला. आम्ही दोघं बोर नदीच्या पाण्यात एकाच भोपळ्यावर पोहायला शिकलो. त्याच्या आईला काय लिहू ते सुचत नाही, तूच काहीतरी सांग.

आता पुढचं नीट वाच आणि भाऊजींनाही वाचून दाखव.

रजा का गेली ते आधी. सुवेझला लढाई पेटली आणि कालवा बंद झाला. आमची जहाजं आता आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून येणार, केव्हा ते कुणी सांगत नाही. त्याच दिवसांत आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्यामुळं वर्ध्याच्या वाट्याचे कागद जुन्या राज्याकडे नाहीत आणि नव्याकडे पोचले नाहीत.

बैठक सुरू आहे. काल सिलोनच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, की त्यांच्या खेड्यांत फवारणी होऊनही ताप हटला नाही, कारण बायकांनी सणाला भिंती मातीनं लिंपल्या. मच्छर माणसाला चावला की जड होऊन भिंतीवर बसतो. भिंतीवर पूड असेल तर मरतो. पुडीवर माती चढली की त्याला काही होत नाही, तो पुन्हा चावायला मोकळा.

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. ताई, आपल्या भिंतींवरचं औषध आपण मातीखाली गाडलं, आणि मीच ते गाडायला सांगितलं. दोन वर्षं त्या पुडीचे कागद लिहिले, पण ती भिंतीवर काय करते हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. मला माझी इतकी चीड आली आहे की काल जेवलो नाही.

साहेबांकडे गेलो. म्हटलं, एका गावापुरती थोडी पूड. साहेब वाईट नाहीत. त्यांनी मला बसवलं आणि म्हणाले, शिल्लक आहे ती साथ पेटलेल्या मुलखासाठी आहे, तिथं रोज माणसं जाताहेत. तू सांग, कुणाचं काढून तुझ्या बहिणीला देऊ? मी उठून माझ्या टेबलाकडे आलो.

तापाच्या गोळ्या आणि एक मच्छरदाणी पार्सलनं पाठवली आहे. शालूला इथं आणता येईल का? की या दिवसांत एवढा प्रवास नकोच? नाल्यात पाणी आहे तोवर, म्हणजे निदान पुढचे दोन महिने तरी, धोका आहे. तिला जप. मी दुसरं काय लिहू?

घना

---

हिंगणी,
३ डिसेंबर १९५६

घना,

तुझं पत्र वाचून आधी राग आला. आईच्या मातीला कुणी दोष दिला की मला सहन होत नाही. मग रडले. मग खुरपं घेतलं आणि भिंत खरवडायला लागले. भाऊजीही आले. दुपारपर्यंत आम्ही ओसरीची एक भिंत उघडी केली, तर मातीबरोबर पूडही निघून आली, खाली नुसती जुनी काळी भिंत. शालू दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. तिचा हात पोटावर होता.

दिल्लीचा प्रवास सातव्या महिन्यात नको, असं सुईण आणि डॉक्टर दोघंही म्हणाले. तळेगावला परत पाठवायची तर तिथं फवारणी झालीच नाही. मच्छरदाणी पोचली, पण पोर संध्याकाळी चुलीपाशी बसते, ओसरीत बसते, तिथं जाळी कशी बांधू? आणि आठवड्यापूर्वी भाऊजींना ताप आला. गोळ्यांनी उतरला, काळजी करू नकोस. पण म्हणजे आपल्या घरात तो मच्छर आहे, हे कळलं.

त्याच दिवशी रामबाई लाकडं द्यायला आली. मी डोकं धरून बसले होते. तिनं विचारलं, मी सगळं सांगितलं. ती भिंतीपाशी गेली आणि म्हणाली, "माह्या भिंतीले कोणी हात नाई लावला. जसं मारून गेले तसंच हाये. पोरीले माह्या घरी आण."

आख्ख्या गावात एकच घर पोतायचं राहिलं होतं, आणि ते का राहिलं ते तुला ठाऊकच आहे.

भाऊजी घाबरले. "सुतकाच्या घरात पोटुशी पोर? लोकं काय म्हणतीन?"

रामबाई म्हणाली, "म्हणू दे. लोकाईच्या भिंतीवर औषध हाये काय?"

आळीतल्या बायका तर सरळ बोलल्या, की आधी सुतक, त्यात गोंडाचं घर, गोपिकेला, म्हणजे मला, वेड लागलं. खरं सांगू? मलाही दोन दिवस झोप नव्हती. ज्या घरातून पोराचा मुडदा निघाला, तिथं पोर जन्माला घालायची? माझं मन धजेना. शेवटी शालूच उठली. म्हणाली, "मी जातो, बा. मागच्या सालचं माह्यानं पुन्हा नाई सोसवत." आणि आपली गोधडी काखेत घेऊन नाल्याच्या वाटेला लागली. आम्ही दोघं तिच्या मागं.

आता ती तिथंच राहते. दिवस कलायच्या आधी आत जाते, सकाळी उन्हं आल्यावर माझ्याकडे. रामबाईनं तिची खाट पुडीच्या भिंतीला लावून दिली आहे.

तुझी ताई

---

नवी दिल्ली,
२४ डिसेंबर १९५६

ताई,

तुझं पत्र मी खिशात घेऊन बैठकीला बसलो होतो. नोव्हेंबरात अर्धवट राहिलेली बैठक पुन्हा भरली होती, तिचा शेवटचा दिवस होता. दोन दिवस नुसता कालव्यावर वाद. एक देश म्हणे, ज्याचं जहाज त्याचा हक्क. दुसरा म्हणे, प्रत्येकानं आपापला कारखाना काढावा आणि कुणाच्या तोंडाकडे बघू नये. सिलोनचे डॉक्टर म्हणाले, कारखाने निघतील तेव्हा निघतील, तोवर ज्याच्या बंदरात शिल्लक आहे त्यानं अडलेल्याला उसनं द्यावं, आणि कुठं मच्छर औषधाला दाद देईनासा झाला तर ती गोष्ट शेजाऱ्यापासून लपवू नये. यावर मोठमोठ्या माणसांनी दोन तास घेतले. मला वाटलं, आपल्या आळीत पीठमीठ मागायला एवढा वेळ लागला असता तर चूल कधी पेटलीच नसती.

चहाच्या सुट्टीत मी धीर करून त्या डॉक्टरांना तुझं पत्र सांगितलं. पोतलेल्या भिंती, खुरपं, रामबाईचं घर. त्यांनी चहा बाजूला ठेवून ऐकलं. माझ्या मोडक्या इंग्रजीला हसले नाहीत. सुट्टीनंतर उभे राहिले आणि म्हणाले, कुठल्या गावात कुठल्या सणाला भिंती पोततात ते आधी विचारा, आणि फवारा त्यानंतर मारा. पूड समुद्र ओलांडून येते आणि शेवटच्या हातभर अंतरावर वाया जाते, हे तुम्ही कुणी मोजलंय का? सगळ्यांनी माना डोलावल्या. ती ओळ मीच टिपणात लिहिली. तसं पत्रक आता जिल्ह्यांना जाईल. माझ्या साऱ्या नोकरीत मला एवढं एकच वाक्य आपलं वाटलं.

सिलोन थोडी पूड दक्षिणेला उसनी देणार आहे, म्हणजे तिकडचा वाटा इकडे वळेल. पण फाल्गुन-चैत्राच्या आत नाही.

एक विचारू? रामबाईकडे अजून सुतक कसं? महिने झाले की. जंगूच्या दिवसाचं, जेवणाचं अडलं असेल तर मला कळव, मी पाठवतो. तिनं विधी उरकून घ्यावा, मोकळं व्हावं. सुतकाच्या घरात बाळंतपण नको असं मलाही वाटतं, रागावू नकोस.

घना

---

हिंगणी,
११ फेब्रुवारी १९५७

घना,

मुलगी झाली. पौष अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, रामबाईच्या घरात, त्याच भिंतीपाशी. शालूला आख्ख्या हिवाळ्यात एकदाही ताप आला नाही. आळीत या दोन महिन्यांत सहा घरांत ताप होता. भाऊजी दुसऱ्यांदा पडले, मीही चार दिवस पडले होते, ते तुला लिहिलं नव्हतं. पोर टपोरी आहे आणि रडायला तर अशी, की नाल्याच्या अलीकडे ऐकू येते. तू आजा झालास, आता तरी केस पिकू दे.

तुझ्या शेवटच्या पत्राचं उत्तर मुद्दामच ठेवून दिलं होतं. बाळंतपण होईपर्यंत भांडायचं नाही, असं ठरवलं होतं. आता भांडते.

रामबाईचं कशावाचून अडलं नव्हतं. तिच्या सोयऱ्यांनी धान्य आणून ठेवलं होतं, दिवस ठरला होता. पण त्यांच्या घरची रीत अशी, की त्या दिवशी घर आतून-बाहेरून नव्या मातीनं पोतल्याशिवाय सुतक उठत नाही. घर पोतलं, जेवण झालं, म्हणजे मेलेला देवात मिळाला. तोवर तो दाराशीच उभा असतो म्हणतात. आणि घरचं माणूस तोवर कुणाच्या लग्नाला जात नाही, पंगतीला बसत नाही, सणाला दिवा लावत नाही.

रामबाईनं तो दिवस परतवला. पोतलं तर शालूच्या खाटेपाशी पूड राहणार नाही, म्हणून. सोयरे रागावून गेले. तिच्या सख्ख्या भाच्याचं लग्न झालं, ती मांडवाच्या बाहेर बोरीच्या झाडाखाली बसून राहिली. हे मला तिनं नाही सांगितलं. तिच्या जावेनं भांडायला येऊन सांगितलं, "तुह्या पोरीपायी आमचा जंगू दाराशी उभा हाये." मी तिच्या पाया पडले.

मग रामबाईला विचारलं, तू मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगतलं असतं त तू पोरीले घेऊन गेली असतीस." आणि तुझं मोकळं होण्याचं वाक्य मी तिला वाचून दाखवलं नाही.

घना, तू पत्रातून सारखं आपलं जुनं घर मागतोस. मलाही ते आठवतं, मीही आईची मुलगी आहे. पण ज्या घरानं शालूला वाचवलं ते आपलं नव्हतं, आणि त्यात आईचे अर्धगोल नव्हते. तिथं खडूचे ओघळ होते आणि एक म्हातारी बाई होती. पुढच्या वेळी आठवण येईल तेव्हा तिचीही काढत जा.

तुझी ताई

---

नवी दिल्ली,
९ मार्च १९५७

ताई,

तुझं पत्र रोज वाचतो. भांडणात तूच खरी.

सिलोनची पूड दक्षिणेला उतरली. त्यांच्या वाट्याची गाडी मुंबईकडे वळली, आणि त्यातून वर्ध्याला रीतसर, रांगेतून पोती निघाली आहेत. मी कुणाला मधे घातलं नाही, हे तुला सांगायचं होतं. एप्रिलमध्ये फवारेवाले येतील. आधी रामबाईकडे पाठव.

रामबाईसाठी काहीतरी लिहावं म्हणून तीनदा बसलो. जंगू आणि मी एकाच भोपळ्यावर तरंगायचो, आणि त्याचा हात सुटला की तो मलाच धरायचा, एवढंच आठवतं. तिला ते सांगशील का?

मे महिन्यात रजा घेतली आहे. तार आली तरी उघडणार नाही.

घना

---

हिंगणी,
१६ एप्रिल १९५७

घना,

फवारेवाले काल आले. आधी रामबाईकडेच घेऊन गेले. बाळाला सव्वा महिना कधीच होऊन गेला होता आणि शालू आपल्या घरी आली होती, पण रामबाईनं अजून मातीला हात लावला नव्हता. पूड येईल की नाही याचा तिला भरवसा नव्हता. म्हणे, "पोरगी लहान हाये, रात्र-बेरात्र आणायची पाळी आली त भिंत असू दे."

मुकादम दारात उभा राहिला आणि पंप खाली ठेवून त्यानं विचारलं, "बाई, पोतणं बाकी हाये काय? असन त आधी पोतून घ्या. आमाले औंदा तसा हुकूम आला हाये."

तुझी ती ओळ, घना. केवढा फिरून तो हुकूम आला, आणि कुणाच्या दारात येऊन उभा राहिला!

रामबाईला आधी समजलंच नाही. तिनं दोनदा विचारलं, "पोतू? खरंच पोतू? मंग मारान तुम्ही?" तो म्हणाला, "वाळू द्या, परवा मारतो. तवर दुसरी आळी करतो."

तिचे सोयरे बोलावले. त्यांनी राग धरला नाही, धान्य घेऊन आले. आज पहाटे मी, शालू आणि बायजा पांढरी माती घेऊन गेलो. तिची जाऊ दारात आडवी उभी होती. माझ्या हातातली पाटी बघून बाजूला झाली आणि मग स्वतःच माती तुडवायला उतरली. शालूनं आपली खाट होती त्या भिंतीपासून सुरुवात केली. पांढऱ्या ओघळांवर माती चढत गेली.

रामबाई उंबऱ्यावर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी तुझा निरोप सांगितला, भोपळ्याचा. अर्धी भिंत झाली असेल, आणि मागून आवाज आला. मला वाटलं बाळ रडलं. रामबाई रडत होती, घना. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा. जंगूचं नाव घेऊन, त्यांच्या बोलीत, कपाळ उंबऱ्याला लावून. बाळ मी उचलून घेतलं.

शालू मातीच्या हातांनी तिच्याजवळ बसली. म्हणाली, "इतके दिवस काऊन नाई रडली, माय?"

रामबाई म्हणाली, "घरात पोटुशी होती. मंग बाळंतीण होती. तुह्यासमोर कशी रडू?"

मग तिला कुणी उगी केलं नाही. बायकांनी हात धुतले आणि तिच्याभोवती अंगणात बसून राहिल्या. ऊन चढलं, पाटीतली माती वाळली, बायजानं पुन्हा पाणी घातलं. तिचं रडून झाल्यावर आम्ही राहिलेली अर्धी भिंत पोतली, आणि ती आमच्यासोबत पोतत होती.

तुझी ताई